सावलीची कड

ओल्ड एअरपोर्ट, दोहा
३ नोव्हेंबर, रविवार

कोमल,

करंजी जमली! फराळाच्या करंज्या तुझ्या नीतावहिनीनं बिन महमूद भागातल्या एका ताईंकडून मागवल्या, त्या वेगळ्या. ही मी बोटानं काढली, टॅबवर, आणि तिच्या पोटात अनुष्काचा पणतीपुढचा फोटो भरला. सोबत पान जोडलंय. वरच्या ओळीत मधल्या खिशात बघ. कडेची मुरड नीट आलीय का ते सांग. सांगायचं नसेल तर नुसतं बघ.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून मेल. गिरीश म्हणाला, मेल कुणी उघडला नाही तरी तो तिथेच पडून राहतो, शिळा होत नाही. मला हे बरं वाटलं.

आता हा उद्योग काय ते सांगते. अनुष्काला शाळेतून काम मिळालं, घरच्यांचं स्क्रॅपबुक करायचं, तेही टॅबवर. एका पानावर नऊ खिसे असतात. तुझ्या लग्नाच्या अल्बमला प्लास्टिकचे कप्पे आहेत ना, तसेच, फक्त काचेमागे. एका खिशात फोटो, एकात दोन ओळी मजकूर, एकात नुसतं चित्र. फोटो चौकोनीच हवा असंही नाही, एखाद्या आकारात कापून बसवता येतो. ॲपमध्ये आकारांचे गठ्ठे मिळतात, त्यांना थीम म्हणतात. नाताळची थीम, बर्फाची थीम, भोपळ्यांची, समुद्रकिनाऱ्याची. दिवाळीची म्हणून एक आहे, तिच्यात हत्ती, मोर आणि कमळ.

मी म्हटलं, "नीता, आपल्या दिवाळीला हत्ती कधी आला होता गं?"

"आई, त्यांना काय माहीत? घ्या ना तोच. सोंड किती छान आहे."

सोंड छान आहे, पण सोंडेत माझ्या नातीचं तोंड मावेना. तेव्हा अनुष्का म्हणाली, "आजी, मेक युवर ओन." तिला मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. तर आपला आकार आपण असा करायचा: चित्राच्या कडेकडेनं ठिपके देत जायचं, ठिपक्यांतून रेघ आपोआप जाते, आणि शेवटचा ठिपका पहिल्यावर नेऊन टेकवायचा. टेकला की आकार तयार. त्याला नाव द्यायचं आणि ठेवून द्यायचा, कधीही काढून वापरता येतो. पहिल्या खेपेला माझी करंजी टोकाशी उघडी राहिली आणि फोटो सगळ्या पानावर सांडला. अनुष्का ओरडली, "आजी, क्लोज इट, क्लोज इट!" मी म्हटलं, अगं, तळताना पण हेच होतं, तोंड मिटलं नाही की सारण तेलात.

नीता म्हणते मी जेवायचं विसरायला लागलेय. तसं काही नाही.

तुझी आई


८ नोव्हेंबर, शुक्रवार

कोमल,

आकाशकंदील झाला, बंब झाला, पाट, उखळ, तुझी शाळेची पत्र्याची पेटी झाली. इथलंही केलं. दल्ला, म्हणजे अरबी कॉफीची चोचवाली किटली, आणि समुद्रकाठच्या शिडाच्या होड्या. शीड सोपं, तीन ठिपक्यांत होतं. दल्ल्याची चोच मात्र फार छळते, दर वेळी बदकासारखी येते.

खालच्या मजल्यावर सुमैया राहते, हैदराबादची. तिनं अनुष्काकडे माझी पानं बघितली आणि वर आली. "आंटी, मेरे बेटे के एल्बम के लिए एक देग बना दो, बिर्याणीवाली. ये दिल-विल मुझे नहीं चाहिए." मी मोठ्या उत्साहानं देग काढून दिली. तिनं मान वाकडी करून बघितली. "आंटी, ये देग है के बाल्टी?" पुन्हा काढली. आता इथल्या मराठी मंडळातल्या बायकाही विचारायला लागल्यात. कुणाला नथ पाहिजे, कुणाला वरवंटा. नीता म्हणाली, "आई, तुम्ही आता दुकानच काढा." हसत म्हणाली, पण टॅब अनुष्काचा आहे आणि तिचा अभ्यास राहतो, ते मला कळलं. दुसऱ्या दिवशी गिरीश माझ्यासाठी वेगळा टॅब घेऊन आला. तेव्हापासून मी सकाळी चहाआधी तोच उघडते. गावच्या वाचनालयात नवं पुस्तक आलं की मी असंच करायचे, आठवतं का? चूल पेटलेली आणि मी पान उलटतेय, आणि तू ओरडायचीस, आई, दूध!

पण हा सगळा हात मी एका कामासाठी बसवत होते. तुझ्या बाबांचं पुस्तक करायचंय. त्यांची थीम कुठल्याच गठ्ठ्यात नाही. पत्रा कापायची कात्री, हेल्मेट, सेफ्टी बूट, तीन खणांचा डबा, नजमा वस्तीतल्या त्यांच्या खोलीतली वरखाली कॉट. सगळं आयुष्य इथल्या इमारतींच्या एसीचे पत्र्याचे डक्ट करण्यात गेलं. आता मी कुठल्याही मॉलमध्ये गेले की छताकडे बघते. नीताला वाटतं मला चक्कर येतेय.

अडचण एकच आहे. त्यांचे आहेत ते सगळे फोटो आपल्या घरचे, सुट्टीतले, इस्त्रीच्या शर्टातले. इथला एकही नाही. मी कधी मागितला नाही, त्यांनी कधी पाठवला नाही. गिरीश म्हणतो, खोलीत त्यांच्याबरोबर राहणारे किसनभाऊ अजून नजम्यातच आहेत, त्यांच्याकडे असेल, चल जाऊन विचारू. मी म्हटलं, बघू, सध्या गुडघा दुखतो.

पुस्तक झालं की छापून नाशिकला तुझ्या पत्त्यावर पाठवणार. मी निघाले तेव्हा तू म्हणालीस, ज्या देशानं बाबांची शवपेटी पाठवली तिथे तू राहायला चाललीस, आता मला आई नाही. दीड वर्ष झालं. मी तेव्हा वाद घातला नाही, आताही घालत नाही. त्यांचं पुस्तक तू उघडावंस आणि मला एक शब्द लिहावास, एवढ्यासाठी हे चाललंय. बाकी मला इथे काही कमी नाही.

तुझी आई


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

कोमल, कोमल, मिळाला!

गिरीशच्या जुन्या फोनमध्ये मिळाला, काच फुटलेल्या. बाबांनीच त्याला व्हॉट्सॲपवर पाठवला होता, तो तेव्हा कॉलेजात होता, बघून विसरून गेला. खाली त्यांनी लिहिलंय, "आम्ही सगळे. साईटवर."

काय फोटो आहे! मागे अर्धी उभी राहिलेली इमारत, पुढे वाळू, आणि एका ओळीत उभी माणसं. सगळ्यांचे निळे कपडे, सगळ्यांची पिवळी हेल्मेटं, आणि उन्हासाठी तोंडाला पंचे गुंडाळलेले. डोळे तेवढे उघडे, त्यावरही काहींचे काळे चष्मे. गिरीशनं फोटो मोठा करत एकेक माणूस बघितला. म्हणाला, "आई, यातले बाबा मला ओळखू येत नाहीत."

मी लगेच बोट ठेवलं. डावीकडून तिसरे. उंची तीच, हात मागे बांधलेले, देवळात उभे राहायचे तसे. नीताच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मात्र इतकी खूश होते की मला रडूच आलं नाही. मी लगेच हेल्मेटचा आकार करायला बसले. पुढची झापड आली की हेल्मेट हेल्मेट वाटतं, नाहीतर उपडा वाडगा. ती झापड जमेपर्यंत दुपार झाली. मग फोटो मोठा केला, कडेची माणसं, वरचं आभाळ, खालची वाळू, सगळं काढून टाकलं, आणि यांना बरोबर हेल्मेटमध्ये बसवलं. शेजारच्या खिशात पत्र्याची कात्री, खाली मजकूर: "तुझे बाबा, कामावर."

पान जोडलंय. भावकीच्या ग्रुपवरही टाकलं. बबीता आत्यानं तिथल्या तिथे लिहिलं, "अगदी माझा दादा! त्याची नजर कशी लपेल!" काळा चष्मा आहे, पण असो. बहिणीची माया.

उघड गं हे पान. बाकीची नाही उघडलीस तरी चालेल.

आई


१९ नोव्हेंबर, मंगळवार

कोमल,

तुझा मेल आला. "आई, हे बाबा नाहीत."

मी आधी फक्त पहिला शब्द वाचला. तोच परत वाचला. अनुष्काला हाक मारली, बघ, आत्याचा मेल. तिनं वाचला, म्हणजे मोठ्यानं अडखळत लावला, आणि गोंधळून माझ्याकडे बघितलं. "बट आजी, शी सेज इट्स नॉट हिम." मी म्हटलं, असू दे. तू आत्याचा मेल आला हे आधी बघ. मी शिरा केला. नीता म्हणाली, "आज काय आहे आई?" मी म्हटलं, काही नाही, रवा जुना झालाय.

जेवण झाल्यावर मात्र राग आला, तो सांगते. मी त्यांची बायको. मला माझा नवरा ओळखता येत नाही? आणि सांगणारी कोण, तर तू! तूच म्हणायचीस ना, मला बाबा माहीतच नाहीत, मला त्यांची सुटकेस माहीत आहे? सुटकेसवरून माणूस ओळखतेस काय नाशिकला बसून?

कारण दे. नुसतं नाही म्हणून चालायचं नाही.

रागावले असले तरी मेल करत जा. रागाचाही कर.

आई


२२ नोव्हेंबर, शुक्रवार

कोमल,

तुझं कारण वाचलं. तू लिहिलंस तसंच इथे उतरवते, म्हणजे माझ्याही नीट डोक्यात राहील. "बाबा उभे राहिले की डावा पाय पुढे असायचा, चालती एसटी पकडायची असल्यासारखा. हा माणूस खांबासारखा उभा आहे. स्टँडवर ते उतरले की मी त्यांना लांबून पायावरून ओळखायचे. चेहरा दर वेळी नव्यानं लक्षात ठेवायला लागायचा."

मी टॅबवरचे घरचे सगळे फोटो उघडले. ओट्यावरचा, तुझ्या लग्नातला, गिरीशच्या पदवीच्या दिवसाचा. डावा पाय पुढे. लग्नात तर इतका पुढे की ते आत्ता उठून पंगतीत वाढायला जातील. आणि मी प्रत्येक फोटोत त्यांच्या शेजारी उभी आहे, हसतेय, आणि मला हे माहीत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे पाय कोण बघतं? ते तुलाच दिसायचे, कारण तू स्टँडवर लांब उभी असायचीस. मला माहीत होतं तू जायचीस. तू कंटाळून जातेस असं मला वाटायचं.

मग साईटवरचा फोटो घेतला आणि सगळ्या ओळीचे पाय तपासले, मोठे करून करून. एकाचाही डावा पाय पुढे नाही! म्हणजे हे त्या फोटोत नाहीतच? मग "आम्ही सगळे" कशाला लिहिलं? आणि मी कुठल्या परक्या बाप्याला हेल्मेटमध्ये बसवून सगळ्या भावकीत वाटलं? बबीता आत्याला अजून सांगितलेलं नाही.

लाज वाटतेय आणि हसूही येतंय. आणि खरं सांगू, मला आता चैन नाही. ते कुठे आहेत हे मला कळलंच पाहिजे. पुढच्या शुक्रवारी मी नजम्याला जाणार. गुडघ्याचं काही नाही. गाडीनं दहा मिनिटांचा रस्ता आहे. इतके दिवस का गेले नाही ते विचारू नकोस.

आई


२९ नोव्हेंबर, शुक्रवार

कोमल,

बसून वाच.

गिरीशनं नेलं. नजमा म्हणजे दाटीवाटीची वस्ती, बारकी दुकानं, कॅफेटेरिया, वर खोल्यांत नुसते पुरुष. बाई माणसानं त्या खोल्यांत जाण्याचा प्रश्नच नाही, म्हणून किसनभाऊच खाली आले. कॅफेटेरियातल्या टेबलाशी बसलो. लुंगी बदलून पँट घालून आले होते, बटण उलटसुलट लागलेलं.

"वहिनी! आधी सांगायचं ना. दाढी तरी केली असती."

"तुम्हाला बघायला नाही आले भाऊ, फोटो दाखवायला आले."

मी टॅब पुढे केला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला, हेल्मेटच्या आकारातला माणूस बघितला. मग असे हसले की चहावाला काउंटरवरून वाकून बघायला लागला.

"वहिनी, हा तर मी हाय!"

"तुम्ही?"

"मीच की. ह्यो हिरव्या काठाचा पंचा बघा, अजून हाय माझ्याकडं. तुमच्या मालकाचा, सुदामचा, भगवा होता. अरे देवा, वहिनींनी मला डायरेक्ट नवरा केला!" मग गिरीशला, "ए गिरीश, आता बाबा म्हण मला. यल्ला, चल, बापाला चहा पाज."

गिरीश लाल झाला. मी पदर तोंडाला लावला, पण काही उपयोग झाला नाही, कोमल. मी हसले. भर कॅफेटेरियात, त्या सगळ्या बाप्यांसमोर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. हे गेल्यापासून अशी हसले नव्हते, आणि हसले ते कुठे, तर त्यांच्याच गल्लीत.

मग मी विचारलं, "आणि हे कुठे आहेत यात?"

"तो कसा असंल? फोटो त्यानंच काढलाय."

"मग आम्ही सगळे असं का लिहिलं?"

"सगळेच हायेत की. अख्खा फोटो दाखवा मला. कापलेला नको."

गिरीशनं मूळ फोटो उघडला. किसनभाऊंनी खालच्या वाळूवर बोट ठेवलं. "हे काय."

उभ्या माणसांच्या पायांपुढे वाळूवर एक सावली पडलेली. लांबलचक, संध्याकाळची. हेल्मेटचं डोकं, दोन्ही कोपरं बाहेर काढलेली, हात चेहऱ्यापुढे. आणि डावा पाय पुढे.

"मोबाईल असा दोन्ही हातांनी धरायचा, परातीसारखा," किसनभाऊ म्हणाले. "आम्ही चिडवायचो, सुदाम, फोटो काढतोय का भाकरी थापतोय? तर म्हणायचा, हलू नका रे, माझ्या पोरांना दाखवायचाय."

पोरांना म्हणाले ते. गिरीशला फोन होता म्हणून त्याला पाठवला, तुझ्याकडे तेव्हा नव्हता. तुला सुट्टीत दाखवायचा राहून गेला असेल.

ती वाळू मी माझ्या हातानं कापून टाकली होती, कोमल. खिशात मावत नाही म्हणून. निरुपयोगी म्हणून.

निघताना किसनभाऊंनी वर बोट केलं. "ती खिडकी, वहिनी. एसीच्या वरची. तिथं निजायचा. तिथंच गेला, झोपेत. मी शेजारच्या कॉटवर होतो, मलासुद्धा कळलं नाही." मी बघितली. खिडकीसारखी खिडकी आहे, दांडीवर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. मला वाटलं होतं मला ती बघवणार नाही. बघवली.

मूळ फोटो जोडलाय. खाली बघ. तुझं बरोबर होतं.

आई


५ डिसेंबर, गुरुवार

कोमल,

आतापर्यंतचा सगळ्यात अवघड आकार, आणि झाला!

करंजीला कड असते, हेल्मेटला कड असते. सावलीला नसते. लांबून बघावं तर स्पष्ट, आणि मोठी करत गेलं की कड वाळूत विरघळते. ठिपका नेमका कुठे द्यायचा कळत नाही. सावली संपली कुठे आणि नुसती मळकी वाळू सुरू झाली कुठे? त्यात बुटांचे ठसे. शेवटी मी ठरवलं, जिथे मला हे वाटतात तिथे ठिपका. अनुष्का म्हणाली, "दॅट्स चीटिंग." मी म्हटलं, तुझ्या आजोबांची कड आहे, मी बघून घेईन.

मग दुसरी भानगड. कोपरं बाहेर आहेत, त्यामुळे हात आणि डोकं यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना उन्हाचे दोन तुकडे आहेत. ते भोकं म्हणून वेगळे कापावे लागतात. नाही कापले तर सावली अंगावर गोधडी घेतल्यासारखी दिसते. कसे कापायचे ते अनुष्कालाही येत नव्हतं. आम्ही दोघी दोन संध्याकाळ त्यावर बसलो, तिचं गणित बाजूला, नीता दारात हाताची घडी घालून. आणि कापले गेले! एकदम ऊन आरपार आलं आणि ते उभे राहिले. नीता हाताची घडी सोडून आत आली. "आई, अगदी मामंजी," म्हणाली, आणि माझ्या शेजारी बसली. किसनभाऊंना पान पाठवलं. त्यांचा निरोप: "वहिनी, तुम्ही पण पत्रा कापायला लागलात की!"

बबीता आत्याला शेवटी खरं सांगितलं. ती म्हणते, "तरीच मला वाटलं, दादा जरा वेगळाच दिसतोय."

आता एक गोष्ट तुझ्यावर सोपवते. आकार तयार आहे, पण आत काय भरू? समुद्र भरून बघितला, ते बुडाल्यासारखे दिसतात. ते डक्ट बसवायचे तसली उंच इमारत भरली, तर त्यांच्या छातीवर खिडक्या. आपलं घर भरलं, ते मला आवडलं होतं, पण दार नेमकं पोटाशी येतं आणि ते बरं दिसत नाही. वाळू तशीच ठेवावी तर पानावर ठसत नाही. पान रिकामी सावली ठेवून तसंच पाठवतेय. मध्ये अधिकचं चिन्ह दिसेल, त्यावर बोट ठेवलं की फोटो मागतं.

त्यांना तू ओळखलंस. तेव्हा काय भरायचं ते तू सांग. घाई नाही. घाई आहे, पण तुला नाही.

आई


१४ डिसेंबर, शनिवार

कोमल!

तुझा मेल सकाळी आला. शब्द एकही नाही, नुसता फोटो. तुमच्या गच्चीची फरशी, आणि फरशीवर तुझी सावली.

मला इतका आनंद झाला की मी आधी तो बाबांच्या आकारात भरायला गेले. पण सावलीत सावली दिसेना, नुसता काळोख. मग म्हटलं, हिच्यासाठी शेजारचा खिसा. बाप एका खिशात, लेक दुसऱ्यात. तुझा आकार वेगळा करायचा. नीता भाजी आणायला बोलवत होती, मी म्हटलं तू जा, मला काम आहे.

बसले ठिपके द्यायला. सुरुवात केसांपासून. तू केस कापलेस का गं? मग कपाळ, नाक, हनुवटी. बाबांची सावली पाठमोऱ्या उन्हातली, दोन्ही कोपरं बाहेर. तू मात्र उन्हाला कूस देऊन आडवी उभी आहेस, एक हात वर. मला कळेना, हिनं असं आडवं उभं राहून का काढला? फोन धरायलाही अवघड. तरी म्हटलं, असेल, जागा नसेल गच्चीवर. गळा झाला. छाती झाली. ठिपके आता मला पटापट जमतात. बोट कंबरेकडे उतरायला लागलं.

उतरलं नाही. बाहेर गेलं.

मला वाटलं माझा हात हलला. ठिपका पुसला, परत दिला. परत बाहेर. मला वाटलं कठड्याची सावली मिसळलीय, कुंडीची मिसळलीय. मोठं करून बघितलं. कठडा लांब आहे, कुंडी नाहीच. मी एकेक ठिपका देत गेले आणि रेघ गोल गोल निघाली, आणि मग हळूहळू आत वळून मांडीला येऊन मिळाली. दोन बाळंतपणं झालेल्या बाईला ती कड सांगावी लागत नाही.

मी ओरडले. अनुष्का पळत आली, तिला वाटलं पडले. तिला दाखवलं. तिनं बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा बघितलं, आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून सरळ मराठी आलं: "आजी, आत्याला बाळ होणार?" गिरीश आंघोळ अर्धी टाकून बाहेर आला. टॅब हातात घेऊन तसाच उभा राहिला, डोक्याला साबण. मग म्हणाला, "मला का नाही सांगितलं तिनं?" आणि मग स्वतःच म्हणाला, "सांगितलं की." आमचे जावई, धवलराव, गेले काही महिने माझा फोन वाजू देतात आणि नंतर कामात होतो म्हणून कळवतात, ते का, हे आता समजलं. त्यांना रागावू नकोस. त्यांना खोटं बोलता येत नसेल.

कडेवरून मला सातवा वाटतो. बरोबर आहे का? पोट वर आहे. जेवण नीट जातं का? पाय सुजतात का? कोण आहे जवळ?

गिरीश तिकीट बघतोय, या आठवड्यातलं. मी काही विचारत नाहीये, येतेय. नको म्हणालीस तरी येतेय. मग तू दार लाव आणि मी बाहेर जिन्यात बसून डिंकाचे लाडू वळीन, शेजारणी काय म्हणतील ते तू बघ. खारीक आणि बदाम इथूनच आणते, इथे चांगले मिळतात. अळीव तिथे घेऊ. पुस्तक माझ्याबरोबर येईल, जेवढं झालंय तेवढं. बाबांच्या सावलीत अजून काही भरलेलं नाही, आणि मला वाटतं आता भरायलाही नको.

आणि एक. त्या गच्चीचे जिने आता चढायचे नाहीत. मी आले की फोटो मी काढीन. तू नुसती उन्हात उभी राहा.

आई